ऑक्सिजन न सोसणारे जीवाणू हिरड्यांत टिकतात कसे, आणि पेरॉक्साइडच्या गुळण्यांनी ते मरतात का?

आपण लिहिले आहे की, आपल्या ५८ वर्षांच्या वडिलांच्या मागच्या दाढांभोवती ६ ते ७ मिलिमीटर खोल पॉकेट, म्हणजे हिरडी आणि दात यांच्यामधली खोल झालेली फट, आढळले असून इथल्याच, इंदूरच्या, एका दंतवैद्यांनी ‘ऑक्सिजनविना जगणाऱ्या जीवाणूंचा संसर्ग’ असे त्याचे कारण सांगितले आहे. त्यावर आपल्या दोन शंका आहेत. माणूस दिवसभर तोंड उघडतो, बोलतो, श्वास घेतो, मग असे जीवाणू तोंडात राहतातच कसे, ही पहिली. आणि ऑक्सिजन त्यांना मारक असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडच्या गुळण्या, ओझोन किंवा प्राणायाम यांनी काम भागून खोल सफाई, म्हणजे हिरडीखाली मुळांवरचा थर काढणे, टाळता येईल का, ही दुसरी. पॉकेटमधले जीवाणू ओळखण्याची चाचणी करावी का, असेही आपण शेवटी विचारले आहे. मी इंदूरमध्ये हिरड्यांच्या आजारांवर उपचार करतो आणि हा प्रश्न रुग्णांकडून वेगवेगळ्या रूपांत ऐकतो. त्यामागचा तर्क सरळ आहे, म्हणून त्याचे उत्तरही ‘नाही’ या एका शब्दात न देता सविस्तर द्यावेसे वाटते.

माझ्या मते खरा प्रश्न ऑक्सिजन या जीवाणूंना मारतो का, हा नाही, कारण प्रयोगशाळेतील उघड्या ताटलीत तो बहुतेकांना मारतोच. ते जिथे राहतात तिथे ऑक्सिजन किती पोहोचतो आणि जेवढा पोहोचतो तेवढ्याचा बंदोबस्त ते कसा करतात, हा खरा प्रश्न आहे. वडिलांच्या बाबतीत नेमके काय करावे हे मात्र त्यांच्या साखरेवर, तंबाखूच्या सवयीवर, दाढेच्या मुळांच्या रचनेवर आणि हाडाची झीज किती झाली आहे यावर ठरेल. एक्स-रे आणि प्रोबिंगची, म्हणजे बारीक सळईने मोजलेल्या खोलीची, नोंद पाहिल्याशिवाय त्याविषयी मी मत देणार नाही.

निरोगी हिरडी आणि दात यांच्यामधली फट साधारण १ ते ३ मिलिमीटर खोल असते. आजारात ती खोल होत जाते आणि तिला आम्ही पॉकेट म्हणतो. बाहेरच्या हवेत ऑक्सिजनचा आंशिक दाब पाऱ्याच्या सुमारे १५९ मिलिमीटर इतका असतो. उपचार न झालेल्या पॉकेटमध्ये तो प्रत्यक्ष मोजला गेला आहे. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत तो ५ ते २७ च्या दरम्यान आणि सरासरीने १३ च्या आसपास आढळला, म्हणजे हवेतल्या प्रमाणाच्या जेमतेम बाराव्या हिश्श्याइतका. या आकड्यांतून दोन गोष्टी कळतात. तोंड उघडे असले तरी पॉकेटच्या तळाशी हवा पोहोचत नाही, ही एक. पण तिथला ऑक्सिजन शून्यही नसतो, ही दुसरी, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण थोडा का होईना ऑक्सिजन सतत झिरपत असलेल्या जागी राहायचे तर त्याला तोंड देण्याची तयारी अंगी असावीच लागते.

हा ऑक्सिजन कमी होतो तो प्रामुख्याने शेजाऱ्यांमुळे. दातावरचा चिकट थर, ज्याला आम्ही बायोफिल्म म्हणतो, अनेक जातींची दाट वस्ती असते. दातावर सर्वांत आधी बसतात ते स्ट्रेप्टोकॉकस आणि अ‍ॅक्टिनोमायसिस यांच्यासारखे ऑक्सिजन चालणारे जीवाणू, आणि ते आलेला ऑक्सिजन वापरून टाकतात. हिवाळ्यात इंदूरच्या सराफा बाजारात गराडू या तळलेल्या कंदाच्या कढईभोवती गर्दी दाटली की पुढच्या रांगाच सगळे उचलतात आणि मागे उभ्या असलेल्यांच्या हाती काही येत नाही, तसेच बायोफिल्मच्या आतल्या थरांचे होते. त्यांना ऑक्सिजन मिळत नाही, आणि तेच त्यांच्या पथ्यावर पडते. सुजलेल्या हिरडीतून पॉकेटमध्ये उतरणाऱ्या पांढऱ्या पेशीही जीवाणूंवर हल्ला करताना भरपूर ऑक्सिजन खातात, त्यामुळे सूज जितकी अधिक तितकी ती जागा या जीवाणूंना अधिक सोयीची होत जाते.

या वस्तीत फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम या लांबट जीवाणूचे स्थान विशेष आहे. तो आधी आलेल्यांनाही चिकटतो आणि नंतर येणाऱ्यांनाही, शिवाय मूळचा ऑक्सिजनविना जगणारा असूनही ऑक्सिजन बऱ्यापैकी सोसतो आणि वापरून संपवतो. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, ज्या ऑक्सिजनयुक्त वातावरणात पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस एकटा वाढू शकत नव्हता, तिथे फ्युसोबॅक्टेरियम सोबत असताना तो टिकला आणि वाढला. वडिलांच्या पॉकेटमध्ये हा पॉर्फिरोमोनास असण्याची शक्यता बरीच आहे. १९९८ साली सॉक्रन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोल पॉकेटशी सर्वाधिक निगडित असलेल्या तीन जातींचा ‘लाल गट’ मांडला, त्यात टॅनरेला फॉर्सिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला यांच्याबरोबर तो आहे. पुढचे विवेचन मुख्यतः त्याच्याविषयी आहे, कारण या बाबतीत सर्वाधिक अभ्यास त्याचाच झाला आहे.

ऑक्सिजन त्याला नेमका का बाधतो, हे आधी पाहू. हा जीवाणू साखरेवर जगत नाही. प्रथिनांचे तुकडे आणि अमिनो आम्ले मोडून तो ऊर्जा मिळवतो, आणि या कामातल्या काही महत्त्वाच्या एन्झाइम्समध्ये लोह व गंधक यांचे नाजूक गुच्छ असतात. पेशीत ऑक्सिजन शिरला की तो वाटेत भेटलेले इलेक्ट्रॉन उचलतो आणि त्यातून सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड ही ऑक्सिजनची घातक रूपे तयार होतात. ते या गुच्छांतले लोह सोडवतात, एन्झाइम निकामी होते, आणि सुटलेले लोह पेरॉक्साइडशी संयोग पावून डीएनएला इजा करणारे आणखी घातक मूलक, म्हणजे अतिक्रियाशील रेणू, तयार करते. आपल्या पेशींतही हे घडतच असते, पण आपल्याकडे त्याचा निचरा करणारी यंत्रणा मोठी आहे. १९७१ साली मॅककॉर्ड, कील आणि फ्रिडोविच यांनी असा विचार मांडला होता की, ऑक्सिजनविना जगणाऱ्या जीवाणूंमध्ये सुपरऑक्साइड मोडणारे सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एन्झाइमच नसते आणि म्हणून ते हवेत मरतात. तो विचार मोलाचा होता, परंतु हिरड्यांतल्या जीवाणूंनी त्याला अपवाद असल्याचे दाखवले. पॉर्फिरोमोनासकडे हे एन्झाइम आहे. १९९४ साली नाकायामा यांनी ते जनुक काढून टाकलेला पॉर्फिरोमोनास हवेत ठेवला, तेव्हा तो मूळ जीवाणूपेक्षा फार झपाट्याने मेला. हवेत वाढू न शकणाऱ्या जीवाणूने हवेपासून बचावाचे साधन बाळगले आहे, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

त्याची गरज का पडते, हे त्याच्या जीवनक्रमाकडे पाहिले की कळते. तो एका तोंडातून दुसऱ्या तोंडात लाळेवाटे जातो आणि त्या प्रवासात हवेच्या संपर्कात येतो. पॉकेटमधून तो हिरडीच्या पेशींच्या आत शिरू शकतो, आणि तिथे ऑक्सिजन पॉकेटपेक्षा जास्त असतो. शिवाय पांढऱ्या पेशी त्याच्यावर सुपरऑक्साइडचाच मारा करतात. म्हणून त्याच्याकडे संरक्षणाच्या अनेक फळ्या आहेत. पेरॉक्साइड फोडणारे कॅटालेज त्याच्याकडे नाही, पण ते काम रुब्रेरिथ्रिन आणि अल्किल हायड्रोपेरॉक्साइड रिडक्टेज ही प्रथिने करतात. डीपीएस नावाचे प्रथिन मोकळे लोह बंदिस्त करून घातक मूलकांची निर्मिती रोखते आणि डीएनएचे रक्षण करते. त्याच्याकडे सायटोक्रोम बीडी हे एन्झाइमही आहे, जे शिरलेल्या ऑक्सिजनचे थेट पाण्यात रूपांतर करते, आणि २०१५ मधल्या एका अभ्यासाने दाखवले की ते नसेल तर या जीवाणूची ऑक्सिजन सोसण्याची क्षमता घटते. त्याच्या जवळच्या नात्यातल्या, आतड्यात राहणाऱ्या बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिसविषयी २००४ साली तर असे आढळले की, अत्यल्प प्रमाणातला ऑक्सिजन तो केवळ सोसत नाही, त्याचा लाभही घेतो.

यापेक्षाही आपल्या वडिलांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे रक्तस्राव. पॉर्फिरोमोनासला हीम, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनचा लोहयुक्त भाग, लागते आणि ते तो जिंजिपेन नावाच्या प्रथिनभेदक एन्झाइम्सनी हिमोग्लोबिन फोडून मिळवतो. रक्त घातलेल्या माध्यमावर त्याच्या वसाहती काही दिवसांत काळ्या पडतात, कारण तो हे हीम जोडीजोडीने आपल्या पृष्ठभागावर साठवतो. या साठ्याने त्याची भूक भागते आणि संरक्षणही होते, कारण हीमची जोडी बनताना ऑक्सिजन व त्याची घातक रूपे खर्ची पडतात आणि बनलेल्या थराला पेरॉक्साइड फोडण्याचा गुणही असतो. म्हणजे दात घासताना येणारे रक्त या जीवाणूला अन्न आणि चिलखत दोन्ही पुरवते. ‘थोडे रक्त तर येणारच’ असे म्हणून वर्षानुवर्षे दुर्लक्ष करणाऱ्या रुग्णांना मी हे आवर्जून सांगतो.

आता या जीवाणूंना ऑक्सिजनची जाणीव कशी होते, याविषयी. जीवाणूला ऑक्सिजन ‘कळतो’ तो काही प्रथिनांच्या रासायनिक बदलांतून. ही यंत्रणा सर्वांत चांगली उलगडली आहे ती इ. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूत. त्याच्या एफएनआर या प्रथिनात लोह-गंधकाचा गुच्छ असतो, तो ऑक्सिजनच्या स्पर्शाने मोडतो आणि प्रथिनाची डीएनएवरची पकड सुटते, त्यामुळे ऑक्सिजनविना जगण्याची जनुके मंदावतात. ऑक्सीआर या दुसऱ्या प्रथिनात पेरॉक्साइडमुळे सिस्टीन या अमिनो आम्लाच्या दोन घटकांमध्ये बंध तयार होतो, प्रथिनाचा आकार पालटतो आणि बचावाची जनुके चालू होतात. तिसरी आर्क ही प्रथिनांची जोडी पेशीपटलातील, इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या क्विनोन रेणूंच्या अवस्थेवरून श्वसन कसे चालले आहे याचा अंदाज घेते. पॉर्फिरोमोनासकडेही ऑक्सीआर आहे आणि ते सुपरऑक्साइड डिसम्युटेज, डीपीएस आदींची जनुके चालवण्यात भाग घेते, परंतु त्याचे वागणे इ. कोलायमधल्यासारखे हुबेहूब नाही. सिग-एच नावाचा सिग्मा घटक, म्हणजे कोणती जनुके चालू व्हावीत हे ठरवणारे प्रथिन, हाही ऑक्सिजन वाढल्यावर कामाला लागतो आणि बचावाच्या जनुकांचा संच चालवतो. ऑक्सिजनमध्ये वाढ झाली की हा जीवाणू मूकपणे मार खात बसत नाही, स्वतःची अंतर्गत व्यवस्था बदलतो, एवढे आपल्या प्रश्नापुरते पुरेसे आहे.

सगळेच हिरडीजन्य जीवाणू असे ऑक्सिजनला दुरावलेले नसतात. तरुण वयात झपाट्याने हाड झिजवणाऱ्या प्रकाराशी ज्याचे नाव जोडले जाते, तो अ‍ॅग्रिगेटिबॅक्टर अ‍ॅक्टिनोमायसेटेमकोमिटन्स ऑक्सिजन असताना आणि नसतानाही जगतो आणि त्याच्याकडे कॅटालेज आहे. शेजारचा स्ट्रेप्टोकॉकस गॉर्डोनाय ऑक्सिजन वापरून हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतो. त्या पेरॉक्साइडची चाहूल लागताच अ‍ॅग्रिगेटिबॅक्टर ऑक्सीआरच्या द्वारे कॅटालेज वाढवतो, आणि त्याच बरोबर आपल्या रोगप्रतिकार यंत्रणेपासून लपण्यासाठी लागणारे एक प्रथिनही वाढवतो. शिवाय बायोफिल्म सैल करणारे एन्झाइम सोडून तो पेरॉक्साइडच्या उगमापासून बेताच्या अंतरावर सरकतो. म्हणजे पेरॉक्साइडचा सौम्य डोस त्याला मारण्याऐवजी सावध करण्याची शक्यता असते. हे निष्कर्ष प्रयोगशाळेतल्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांतले आहेत, गुळण्या करणाऱ्या माणसांवरचे नाहीत, हे मात्र लक्षात ठेवावे.

इथवरचे सूत्र असे की, पॉकेटमध्ये ऑक्सिजन मुळातच थोडा आहे, येतो तो वस्ती संपवते, आणि उरतो त्याचा बंदोबस्त प्रत्येक जीवाणू स्वतः करतो. या तिन्ही पायऱ्या ध्यानात ठेवल्या की गुळण्यांचे उत्तर आपोआप मिळते.

हायड्रोजन पेरॉक्साइडची गुळणी हिरडीच्या कडेपलीकडे फारशी खाली उतरत नाही, ७ मिलिमीटरच्या तळापर्यंत तर नाहीच. पॉकेटमध्ये हिरडीतून एक द्रव सतत बाहेर पाझरत असतो आणि ५ मिलिमीटरच्या पॉकेटमधला हा द्रव तासाला सुमारे ४० वेळा बदलतो असा अंदाज आहे, त्यामुळे आत गेलेले औषधही मिनिटा-दोन मिनिटांत धुऊन निघते. तोंडात जो फेस येतो त्याचे रुग्णांना फार समाधान वाटते, पण तो रक्तातील आणि पेशींतील कॅटालेजने पेरॉक्साइड फोडल्याचा परिणाम आहे, म्हणजे औषध कामाच्या जागी पोहोचण्याआधीच संपत असल्याची ती खूण आहे. सूक्ष्मदर्शकातून जीवाणू पाहणारे डच संशोधक ल्यूवेनहॉक यांनी १६८३ साली दातांवरच्या थरातले सूक्ष्मजीव पाहिले, तेव्हा तीव्र व्हिनेगरने तोंड धुऊन बाहेरचे जीव मरतात पण थराच्या आतले जिवंत राहतात, हेही त्यांनी नोंदवले होते. बायोफिल्मचा हा गुण तेव्हापासून बदललेला नाही. सौम्य पेरॉक्साइडने काही दिवस चूळ भरल्याने वरवरची सूज थोडी उतरू शकते, तेवढ्यापुरता माझा विरोध नाही. मात्र औषधांच्या दुकानातली बाटली पाणी न मिसळता महिनोन्‌महिने वापरल्यास तोंडाचे अस्तर जळजळते, म्हणून तसे करू नये.

ओझोनविषयी उपलब्ध अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, काहींत सफाईच्या जोडीला थोडा फायदा दिसतो आणि काहींत दिसत नाही, म्हणून सफाईऐवजी ओझोन हा पर्याय मी कोणाला सुचवत नाही. प्राणायाम वडिलांनी अवश्य करावा, परंतु निरोगी फुप्फुसांच्या माणसाच्या रक्तातले हिमोग्लोबिन आधीच ९५ टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनने भरलेले असते आणि दीर्घ श्वासाने पॉकेटच्या तळाशी फरक पडत नाही.

मग खोल सफाई ऑक्सिजनच्या बाबतीत काय साधते? मुळांवरचे टार्टर आणि बायोफिल्म काढल्यावर ऑक्सिजन खाणारी आणि एकमेकांना आधार देणारी वस्ती मोडते. सूज उतरते, पांढऱ्या पेशींचा लोंढा ओसरतो, रक्त थांबते आणि त्याबरोबर हीमचा पुरवठा तुटतो. हिरडी आवळली जाऊन पॉकेट उथळ होते आणि उथळ पॉकेटमध्ये ऑक्सिजन अधिक पोहोचतो. अशा जागी आधीचे, निरुपद्रवी म्हणावेत असे जीवाणू पुन्हा जम बसवतात. ऑक्सिजन बाहेरून ओतण्यापेक्षा त्याला अडवणारी रचना हटवणे, हे या उपचाराचे तत्त्व आहे, आणि ज्या रुग्णांनी सफाईनंतर दातांमधल्या फटींसाठीचा बारीक ब्रश रोज वापरला त्यांच्या हिरड्यांत मला फरक टिकलेला दिसतो. वडिलांच्या मागच्या दाढांमध्ये जागा असेल तर तो ब्रश दोऱ्यापेक्षा उपयोगी पडेल, फक्त त्याचे माप डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

औषधांचा मुद्दाही ऑक्सिजनशी निगडित आहे. मेट्रोनिडाझोल हे औषध गोळीत निष्क्रिय असते. जीवाणूच्या आत फेरेडॉक्सिनसारख्या प्रथिनाकडून इलेक्ट्रॉन मिळाले तरच ते विषारी रूप घेते, आणि ऑक्सिजन असेल तर तोच हे इलेक्ट्रॉन परत ओढून घेतो. म्हणूनच ते ऑक्सिजनविना जगणाऱ्यांवर चालते आणि अ‍ॅग्रिगेटिबॅक्टरसारख्यावर एकटे पुरे पडत नाही, तिथे अ‍ॅमॉक्सिसिलिनची जोड द्यावी लागते. परंतु बायोफिल्म जागेवर असताना नुसत्या गोळ्या घेणे मला मान्य नाही, आणि प्रत्येक रुग्णाला त्या लागतही नाहीत. वडील रक्त पातळ करणारे औषध घेत असतील तर ते डॉक्टरांना आधी सांगावे, कारण वॉर्फरिनचा परिणाम मेट्रोनिडाझोलने वाढतो.

तंबाखूविषयी आपण काही लिहिलेले नाही, पण मी विचारतो आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या पॉकेटमध्ये ऑक्सिजन न ओढणाऱ्यांपेक्षा कमी आढळला आहे. शिवाय धूम्रपानात हिरडीतून रक्त कमी येते, त्यामुळे आजार आत वाढत असताना बाहेरून सर्व ठीक असल्याचा भास होतो. इंदूरमध्ये चुन्यासह तंबाखू किंवा गुटखा दाढेशी धरून ठेवण्याची सवय असलेले रुग्णही बरेच येतात. त्यांच्या त्या जागेची हिरडी दातापासून खाली सरकलेली दिसते, आणि तोंडाच्या आतल्या अस्तराची तपासणी त्यांनी वेगळी करून घ्यावी. मधुमेह असेल तर गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सफाईपूर्वी तपासावी, कारण साखर आटोक्यात नसल्यास हिरडी भरून येण्याची गती मंदावते.

पॉकेटमधले जीवाणू ओळखण्याच्या चाचणीविषयी आपण शेवटी विचारले आहे. संवर्धनासाठी, म्हणजे जीवाणू वाढवून ओळखण्यासाठी, नमुना हवा न लागू देता प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो, नाहीतर नेमके जे शोधायचे तेच वाटेत मरतात. डीएनएवर आधारित चाचणीला ही अडचण येत नाही, पण तिच्या निकालाने वडिलांचा पहिला उपचार बदलणार नाही, म्हणून तो खर्च मी आत्ता सुचवणार नाही. सफाई पूर्ण झाल्यावर सहा ते बारा आठवड्यांनी प्रत्येक दाढेच्या सहा जागी पॉकेट पुन्हा मोजून घ्यावे आणि आधीची व नंतरची नोंद शेजारी ठेवून पाहावी. खोली ४ मिलिमीटरपर्यंत आली असेल आणि मोजताना रक्त येत नसेल, तर दर तीन महिन्यांनी देखभाल पुरते. एखाद्या जागी ६ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक खोली तशीच राहिली आणि तिथे मुळांच्या दुभाजणीपाशी हत्यार पोहोचत नसेल, तर हिरडी बाजूला करून प्रत्यक्ष पाहत सफाई करण्याच्या फ्लॅप शस्त्रक्रियेविषयी त्यांच्या डॉक्टरांशी बोलावे.